रकाना

माझ्या झोल्यात गावाच्या गोळ्या असतात.
लोहाच्या लाल, जंताच्या पांढऱ्या,
ओआरएसच्या पुड्या, निरोधचा खोका,
जो घेताना गडीमाणसं आभाळाकडं बघतात.
रजिस्टरला चौदा रकाने.
मी एकाही रकान्यात बसत नाही.

देवानंद वायरमन.
पांढरकवड्यापुढची तीन गावं त्याच्या पकडीवर उजळतात.
महिन्यातून एकदा यवतमाळला जातो,
खिडकीत कार्ड सरकवतो, बाटली घेतो. फुकट.
कुठून आलं, हे मी एकदाच विचारलं.
खांबावरून उतरावं तसा
तो हळूहळू खाली बसला.
मग नाही विचारलं.

माझं रक्त दोनदा तपासलं.
"तुम्हाला नाही," येरेकार मॅडम म्हणाल्या,
जणू आता पेढे वाटायचेत.
म्हटलं, मॅडम, नाही ते नाहीच राहावं,
आणि लेकरूही व्हावं,
याच्यासाठी काय आहे तुमच्याकडं?
त्यांनी ड्रॉवर उघडला. बंद केला.
ज्याले झालं त्याले फुकट,
ज्याले होऊ नये त्याले इकत.
हे त्या नाही म्हणाल्या. मीच म्हटलं,
भिंतीवरच्या हसऱ्या जोडप्याकडं बघत.

देवानंद म्हणाला, आमच्यातही असंच.
शॉक लागून गेलो
तर भरपाईचा फॉर्म छापून तयार आहे.
रबरी हातमोजे मागितले, तर साहेब म्हणते
अर्ज दे, वरून आले की पाहू.

मेडिकलवाल्या पोट्ट्यानं मोबाईलवर नाव शोधलं.
"कोनाले पायजे, ताई?"
"पेशंटले."
(माझं प्रत्येक खोटं याच शब्दानं सुरू होतं.)
नागपुरातून मागवावी लागते. अठराशे, तीस गोळ्या.
मी हिशेब केला, दुसरा येतच नाही मला:
सहा बाया कळा देतील,
सहा वेळा मी रात्री गाडी बोलावीन,
तेव्हा माझी एक बाटली.

शेवटी येरेकार मॅडमनीच
केसपेपरच्या पाठीमागे एक नंबर लिहिला,
आणि मी कुठून घेतला ते सांगू नका म्हणाल्या.

नागपूर. सायकलच्या दुकानावरची खोली.
जिन्यात चपलांचा ढीग,
आत हातावर टाळी देऊन हसणारी माणसं.
मी दारातच पदर सावरला,
आणि सावरल्याची मलाच लाज वाटली.
कांचननं पाण्याचा गिलास दिला. जाड आवाज, हिरव्या बांगड्या.
"बैस वं माय. नवऱ्यासाठी आली का स्वतःसाठी?"
इतक्या महिन्यांत
हे कुणी विचारलंच नव्हतं.
स्वतःसाठी, म्हटलं. आवाज फुटला.
"इथं रडू नको," ती म्हणाली,
"दवाखान्याच्या दारात तं मुळीच नाही.
तिथं फक्त इचारायचं, खिडकी कोनती."

त्या सगळ्या मिळून ठोकानं मागवतात.
अर्ध्याहून कमीत पडली.
दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं,
एकही दिवस चुकवायचा नाही,
एवढं तिनं तीनदा वदवून घेतलं,
मी बाळंतिणींकडून वदवून घेते तसं.

परतीच्या एसटीत वणीची एक बाई
माझ्या खांद्यावर झोपली.
मांडीवर बाटली, वरचं नाव
मी नखानं खरवडत आले.

आता पिठाच्या डब्यामागं दोन बाटल्या.
आठ वाजता सासू मालिका लावते,
आम्ही दोघं पाणी पितो.
त्याची गोळी, माझी गोळी.
परवा झाकण उघडलं तर आत कापसाचा बोळा.
देवानंद म्हणाला, आपल्याच इकडचा असन.
असेल. 

काल अंगणवाडीमागं
सुताराची सून बराच वेळ उभी राहिली.
वजन झालं, लस झाली, तरी जाईना.
मग खाली बघत म्हणाली,
ताई, एक इचारू का, मायासाठी नाही हो,
एका पेशंटसाठी.

मी रजिस्टर उघडलं.
चौदाव्या रकान्याच्या पुढं
पट्टीनं एक रेघ मारली.
वर काही लिहिलं नाही.